रमाईच्या खाडीतली पाणमांजरे

७ फेब्रुवारी म्हटले की दापोली तालुक्यातल्या वणंद गावी निळा सागर उसळतो. त्यागमूर्ती माता रमाईंचे ते जन्मगाव. १८९८ साली याच दिवशी त्या जन्मल्या. आम्हीही दरवर्षी जातो. वंदना घेतो, स्मारकापुढे मेणबत्ती लावतो, ओळखीपाळखीच्या माणसांना जयभीम घालतो, एखादे पुस्तक नि भिंतीवरचे कॅलेंडर विकत घेतो आणि रातोरात मुंबईला परततो. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला कामाची पाळी असते. कोकण आमचे असूनही आम्ही ते बहुतेक वेळा अंधारात, बसच्या खिडकीतून पाहिलेले असते.

या खेपेला एक दिवसाची जादा रजा टाकायचे ठरले, ते वसाहतीतल्या एका मुलीमुळे. ती बी.एस्सी.ला आहे. विहारातल्या बैठकीत तिने सांगितले की वणंदहून परत येताना खेड तालुक्यात सोनगावला थांबता येते. तिथे गावचे भोई लोक होडीतून खाडी दाखवतात. मगरी दिसतात, पाखरे दिसतात, आणि नशीब असेल तर पाणमांजरेही दिसतात. बैठकीत लगेच कुजबुज सुरू झाली. एक जुने कार्यकर्ते उठून म्हणाले, "पोरी, पाखरं बघायला पैसे मोजणं ही साहेबलोकांची चैन. आपल्याला ती कशाला?" मुलगी अगदी हळू म्हणाली, "काका, रमाईचे वडील त्याच खाडीच्या बंदरावर मासळीच्या पाट्या वाहायचे. आपण ती खाडी तरी बघायला नको का?"

यावर काका खाली बसले.

वाचक बंधू-भगिनींना हे ठाऊकच आहे. भिकू धुत्रे हे दाभोळच्या बंदरातून मासळीने भरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाजारात पोचवण्याचे काम करीत. त्यावर संसार चाले. छातीच्या दुखण्याने ते बेजार असत. आधी आई गेली, मागून वडील गेले आणि लहानगी रमा भावंडांसह मुंबईला भायखळ्याला आली. पुढे तिचे लग्न लागले तेही भायखळ्याच्या बाजारातच, रात्री बाजार उठल्यावर. मासळीच्या वासातून त्या माउलीची सुटका झाली नाही, असे आमच्या आत्याबाई म्हणतात. आत्याबाई म्हणजे आमच्या विहारातल्या ज्येष्ठ उपासिका. वर्षावासात जातककथा त्याच वाचतात. या लेखात त्या पुन्हा भेटतील.

एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या वसाहतीत मंडळे दोन आहेत. गेल्या जयंतीला मिरवणुकाही दोन निघाल्या, आणि वर्गणीच्या वह्याही दोन. वणंदला जायला मात्र बस एकच केली, कारण दोन बसचे भाडे कोणालाच परवडणारे नव्हते. बसमध्ये एक मंडळ डाव्या बाजूला बसले, दुसरे उजव्या. पोरेबाळे तेवढी मधल्या वाटेत.

जाताना महाडला थांबून चवदार तळ्याला वंदन केले. मुलांना आत्याबाईंनी तिथे उभे करून सांगितले, की या तळ्यावर गुरे पाणी पीत, कुत्री-मांजरे पीत, आभाळातले पाखरू येऊन चोच बुडवून जाई. त्यांना कोणी हटकत नसे. मज्जाव होता तो फक्त आपल्याला. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचे कागदावर लिहिले, तरी ओंजळभर पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले. आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो त्यानंतर दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी. तिसरीतल्या एका मुलाने विचारले, "म्हणजे पाखरांची जात नाही बघायचे?" "नाही रे बाबा," आत्याबाई म्हणाल्या, "पाखरांची नाही."

वणंदचा कार्यक्रम उरकून रात्री खेडजवळच्या एका विहारात मुक्काम केला आणि पहाटे पाचला सर्वांना उठवले. फेब्रुवारीत कोकणात पहाटे चांगलाच गारवा असतो. मुले कुरकुरली, पण काळा चहा नि बटर पोटात गेल्यावर गप्प झाली.

आता खाडीविषयी थोडे. सह्याद्रीत उगम पावून चिपळूणवरून येणारी वाशिष्ठी आणि खेडवरून येणारी जगबुडी या दोन नद्या एकमेकींना मिळतात आणि पुढे दाभोळपाशी समुद्राला भेटतात. कोयनेच्या वीजघरात वीज तयार करून सुटलेले पाणीही या वाशिष्ठीतच येते. म्हणजे आपल्या चाळीतला दिवा ज्या पाण्याने लागतो, तेच पाणी पुढे मगरीच्या पाठीवरून वाहते! दोन्ही काठांना कांदळवन आहे. या झाडांची मुळे जमिनीतून वर डोके काढून श्वास घेतात; चिखलात कोणी हजारो पेन्सिली उलट्या रोवून ठेवल्या आहेत असे दिसते. त्यातल्या पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राचे राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. त्या मुळांच्या आडोशाला मासळीची पिल्ले वाढतात. कांदळवन तोडले की मासळी तुटते, हा सरळ हिशेब आहे.

राज्याच्या वन खात्याने २०१२ साली कांदळवन कक्ष नावाचा वेगळा विभाग काढला. त्याच्या कांदळवन प्रतिष्ठानामार्फत किनाऱ्यावरच्या गावांतून लोकांचे गट उभे राहिले, त्यांना होड्या आणि शिकवण मिळाली. सोनगावचा गट त्यातलाच. पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणारा माणूस आता त्याच होडीतून पाहुण्यांना पाखरांची नावे सांगतो. आम्हाला हे पाहून बरे वाटले. ज्याचा नदीशी जन्माचा संबंध, त्यालाच नदी दाखवण्याची मजुरी मिळावी, यात न्याय आहे.

होडीच्या धक्क्यावर पहिली अडचण आमच्या कपड्यांचीच झाली. कालच्या कार्यक्रमामुळे सगळ्या भगिनी पांढऱ्याशुभ्र साड्यांत होत्या. वाट दाखवायला आलेला तरुण अदबीने म्हणाला, "मावशी, पांढरं लांबनं दिसतं. ऊद लाजरा असतो, तोंड दाखवायचा नाय." मग कोणी शाल पांघरली, कोणी चादर गुंडाळली. एका मंडळाने आणलेला निळा झेंडा होडीच्या टोकाला बांधायचा होता, तो घडी करून पिशवीत ठेवला. तरंगती जाकिटे सर्वांना सक्तीची होती. आमच्या जुन्या कार्यकर्त्या काकांना ते पोटावर बांधता येईना, तेव्हा पोरे इतकी हसली की तरुणाने ओठावर बोट ठेवले.

होड्या दोन होत्या. सांगायला नकोच, की एका मंडळाचे लोक एकीत बसले, दुसऱ्याचे दुसरीत. आम्ही लेखणी-वहीवाले म्हणून आत्याबाईंच्या शेजारी जागा मिळाली.

पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. ओहोटी लागलेली होती आणि काठाचा चिखल उघडा पडत चालला होता. भरती-ओहोटीचे गणित कोकणातल्या लहान मुलालाही येते: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. समुद्रापासून जितके आत जाल तितका थोडा उशीर धरायचा. पंचांगाचा आम्हाला एवढाच उपयोग, असे कोणीतरी मागून म्हणाले. आम्हाला पौर्णिमा उपोसथासाठी लागते, भोयांना जाळ्यासाठी.

होडी चालू लागली तशी आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. खाडी आपल्या चळवळीला नवी नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेला, ज्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले तिला, बाबासाहेब मुंबईहून निघाले ते पद्मावती बोटीने. सावित्रीच्या खाडीने आत येऊन सर्व मंडळी दासगाव बंदरात उतरली आणि तिथून महाडला गेली. एप्रिल १९२९ मध्ये बाबासाहेब चिपळूणच्या परिषदेला आले, ते याच वाशिष्ठीच्या काठी. तिथे खोतीच्या जाचाविरुद्ध ते बोलले. या दोन्ही काठांवर तेव्हा खोताचा शब्द चाले. आपले लोक त्या जमिनीत राबत आणि पोटाला मिळेना म्हणून मुंबईची बोट धरत. आपले वाडवडील कोकण सोडून का गेले, हे पोरांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा इथे सांगितलेले त्यांना लवकर कळते.

पहिली दिसली ती पाखरे. ढोकरी बगळा चिखलात इतका बेमालूम बसतो की उडाल्यावरच कळते इथे कोणी होते. उडताना मात्र पंख पांढरेफेक. पाणकावळे खुंटावर पंख पसरून वाळत बसले होते, दोरीवर काळे शर्ट घातल्यासारखे. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबला, खाली टक लावून पाहत राहिला आणि दगडासारखा पाण्यात पडला. वर आला तेव्हा चोचीत चांदीची पट्टी. मुलांनी टाळ्या वाजवायला हात उचलले होते, आयांनी धरले.

चिखलावर तुतवार शेपटी वरखाली हलवत पळत होते. त्यांच्यातले कितीतरी हिमालयापलीकडून, उत्तरेच्या थंड मुलखातून हिवाळ्यापुरते येतात आणि उन्हाळ्याआधी परत जातात. "म्हणजे हे पण चाकरमानीच," एक भगिनी म्हणाल्या. "फक्त आपण सणाला येतो, हे हंगामाला."

मग डोक्यावरून एक विटकरी रंगाची, पांढऱ्या मानेची घार गेली. फार देखणी. तरुणाने नाव सांगितले, "ही ब्राह्मणी घार." दोन्ही होड्यांत एकदम हसू फुटले. तो बिचारा गोंधळला. त्याचा काय दोष, पुस्तकात तेच नाव आहे. तिसरीतल्या त्याच मुलाने गंभीरपणे विचारले, "ही शाकाहारी असते का?" तरुण म्हणाला, "छे! बंदरावर मासळीची घाण टाकली की पहिली हीच येते." घारीला सोवळे-ओवळे नसते, एवढे तरी आम्हाला कळले. नावे माणसे ठेवतात.

पुढे वळणावर मगर होती. आधी ओंडकाच वाटला. तोंड उघडे टाकून निवांत पडली होती. तोंड उघडे ठेवते ते कोणाला खायला नव्हे, अंगातली उष्णता बाहेर टाकायला, असे तरुणाने समजावले. कोणी काही बोलले नाही. भीतीच वाटली, खरे सांगायचे तर. होडीतल्या एका बाईंनी मुलाला मांडीवर घेतले ते परत येईपर्यंत सोडले नाही.

आणि मग पाणमांजर. पण ते आधी दिसले नाही, आधी त्याचा वास आला. काठावरच्या एका खडकापाशी तरुणाने मशिन बंद करायला लावले आणि बोट दाखवले. खडकावर काळपट विष्ठा होती, तिच्यात मासळीची खवले उन्हात चमकत होती. पाणमांजरांचे सगळे कुटुंब ठरलेल्या जागी विष्ठा करते. आपली हद्द सांगायची ती रीत आहे. खालच्या चिखलात पाच बोटांचे ठसे होते आणि मधून शेपटी ओढल्याची रेघ. कोकणात या प्राण्याला कोणी ऊद म्हणतात, कोणी हूद. कौलांवर रात्री फिरणारे उदमांजर, म्हणजे कांडेचोर, तो वेगळा. त्याच्याशी याची गल्लत करू नये. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "पालीत त्याला उद्द म्हणतात." अडीच हजार वर्षांपूर्वीच्या तथागतांच्या भाषेतला शब्द भोयांच्या तोंडी अजून जवळजवळ तसाच आहे. आम्हाला त्या खडकापाशी खरोखर अंगावर काटा आला.

किती वेळ थांबलो ते घड्याळात पाहिले नाही. पाणी संथ होते. दुसरी होडी आमच्यापासून पंचवीस-तीस हातांवर थांबली होती. त्यांनीही मशिन बंद केले होते. दोन्ही मंडळांचे चाळीसेक लोक इतका वेळ गप्प बसलेले आम्ही आजवर पाहिले नव्हते.

मग कांदळाच्या मुळांतून शीळ आली. पाखराचीच वाटली. तरुण कुजबुजला, "ते बगा. नारळ."

पाण्यावर खरेच नारळ तरंगत यावेत तशी डोकी आली. एक, दोन, मागून आणखी. पाठ वर आली, खाली गेली. पाणी जराही उडाले नाही. मग एक मोठे पाणमांजर दोन्ही पुढच्या पंजांत मासा धरून चिखलावर चढले. अंगावरचे केस ओले होऊन इतके मऊ आणि चपटे बसले होते की तेल लावून भांग पाडल्यासारखे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेतीन-चार फूट तरी असेल. शेपटी खालून चपटी, वल्ह्यासारखी. त्याने मासा डोक्याकडून खायला सुरुवात केली. कुडुम कुडुम असा आवाज आमच्यापर्यंत आला. तेवढ्यात दोन पिल्ले ओरडत त्याच्या अंगावर चढली. एकाने अर्धा मासा ओढून नेला, दुसऱ्याने पहिल्याची शेपटी चावली. मोठ्याने दोघांनाही काही केले नाही. शांतपणे परत पाण्यात गेले आणि दुसरा मासा घेऊन आले. तो मात्र जरा लांब बसून खाल्ला.

आमच्या शेजारची भगिनी तोंडावर पदर धरून हसत होती. डोळ्यांत पाणी होते. ती चार घरची धुणीभांडी करते. "अगदी आमच्या घरचं जेवण," एवढेच ती म्हणाली.

हे पाच-सात मिनिटे चालले असेल. मग कोणाच्या तरी हातून डबा खाली पडला आणि ठाणकन आवाज झाला. एक मोठे डोके उंच झाले, शीळ वाजली, आणि चिखल रिकामा. पाण्यावर फक्त बुडबुड्यांची रेघ.

परतताना तरुणाने पुष्कळ माहिती दिली. पाणमांजर बुडी मारते तेव्हा त्याचे कान आणि नाकपुड्या आपोआप मिटतात. बोटांना बदकासारखे पडदे असतात. दिवसाला किलोच्या आसपास मासळी लागते. ही जात कुटुंब करून राहते. शिकारही अनेकदा मिळून करतात, अर्धगोल करून मासळी काठाकडे हाकतात. दाट केसांच्या कातड्यासाठी माणसाने त्यांना फार मारले. आपल्या देशात कायद्याने त्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि २०१९ साली जगातल्या देशांनी मिळून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद केला. बांगलादेशात नराइलच्या कोळ्यांनी पाणमांजरे पाळून त्यांच्याकडून मासळी जाळ्यात हाकून घेण्याची कला जपली आहे. सिंगापुरात घाण झालेल्या नद्या साफ केल्यावर ती आपणहून परत आली आणि आता भर शहरात पिल्लांना घेऊन रस्ते ओलांडतात. मे महिन्याचा शेवटचा बुधवार जगभर पाणमांजर दिन म्हणून पाळतात. २०२० साली तो नेमका २७ मे रोजी आला होता. १९३५ साली याच तारखेला रमाई गेल्या. योगायोगच, पण आम्ही वहीत लिहून घेतला.

"तुमची जाळी फाडत नाहीत का?" काकांनी विचारले. होडीवाल्यांनी सुकाणू सोडले नाही. वयाने पन्नाशीचे असतील. म्हणाले, "फाडतात की. आमचा आजा शिव्या द्यायचा त्यांना. पण मासळी होती तवा त्याला पण पुरायची, आमाला पण. आता मासळीच कमी. दोघांची मारामारी." मग ते जरा थांबले. "पाणी बिघडतं तवा पहिला मासा उलटा होतो. मग ऊद जातो. मग आमची पोरं जातात, मुंबईला."

लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीतून खाडीत येणाऱ्या पाण्याबद्दल इथल्या भोई आणि कोळी समाजाच्या तक्रारी आणि आंदोलने फार वर्षांपासून चालू आहेत. मेलेल्या मासळीचे खच काठाला लागल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा आल्या आहेत. कारखान्यांत आपलीही माणसे कामाला आहेत, हे आम्ही विसरत नाही. पोटावर पाय कोणाच्याच यायला नको. पण सांडपाणी साफ करूनच सोडायचे असा कायदा आहे, आणि कायदा कोणासाठी लिहिलेला असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. चवदार तळे कागदावर तीन वर्षे खुलेच होते. महाडला प्रश्न होता पाण्याला हात कोणी लावायचा हा. इथे प्रश्न आहे की हात लावण्याजोगे पाणी राहणार का.

धक्क्यावर उतरल्यावर गावच्या बायकांनी केलेले तांदळाच्या भाकऱ्या, मासळीचे कालवण आणि सोलकढी असे जेवण होते. मुलांनी आत्याबाईंना घेरले. पालीतल्या उद्दाची गोष्ट सांगाच म्हणाली. ससजातकातली गोष्ट मुलांना ठाऊक होती: ससा, माकड, कोल्हा आणि ऊद हे चार मित्र, आणि सशाने दानासाठी अग्नीत उडी घेतली म्हणून तो चंद्रावर दिसतो. "दुसरी सांगा," म्हणाली. मग आत्याबाईंनी दब्भपुप्फ जातक सांगितले. ते आम्ही थोडक्यात देतो, कारण पुष्कळ घरांत ते माहीत नसावे.

एका नदीवर दोन ऊद राहत. एक खोल पाण्यात शिकार करी, त्याचे नाव गंभीरचारी. दुसरा काठाकाठाने हिंडे, तो अनुतीरचारी. एके दिवशी गंभीरचारीने भला मोठा रोहित मासा शेपटीला पकडला. मासा त्यालाच ओढून नेऊ लागला. त्याने मित्राला हाक मारली. दोघांनी मिळून मासा काठावर काढला. आणि मग वाटणीवरून भांडण लागले. खोलवाला म्हणे पकडला मी. काठवाला म्हणे मी नसतो तर तू बुडाला असतास. तेवढ्यात मायावी नावाचा कोल्हा तिथे आला. त्याच्या बायकोला ताजा मासा खायची इच्छा झाली होती. दोघांनी त्यालाच पंच नेमले. कोल्ह्याने मासा तीन ठिकाणी तोडला. शेपूट काठवाल्याला दिले, डोके खोलवाल्याला, आणि मधला सगळा भाग न्याय करणाऱ्याचा म्हणून स्वतः तोंडात धरून चालता झाला. दोन्ही ऊद हातातली शेपटी आणि डोके बघत बसले. भांडलो नसतो तर किती दिवस पुरले असते, असे एकमेकांना म्हणाले. घरी कोल्हीण विचारते, तुम्ही तर जमिनीवरचे, पाण्यातला मासा तुम्हाला कसा मिळाला? कोल्हा सांगतो, भांडणाऱ्यांमुळे मिळाला.

तथागतांनी ही गोष्ट जेतवनात उपनंद नावाच्या भिक्खूवरून सांगितली, असे जातकात आहे. दोन वृद्ध भिक्खू वाटणीवरून भांडत असताना त्याने वाटणीच्या निमित्ताने चांगले ते आपल्याकडे ठेवून घेतले होते.

गोष्ट संपली तेव्हा मोठी माणसे भाकरी मोडत होती. कोणी वर पाहिले नाही. मुलांपैकी एकाने विचारले, "आत्या, आपल्यात कोल्हा कोण?" आत्याबाई म्हणाल्या, "तो शोधत बसू नकोस. मासा कुठे आहे ते बघ." आणि कालवण वाढायला उठल्या.

पैसे द्यायच्या वेळी गटाच्या बाईंनी विचारले, पावत्या दोन करू की एक? दोन्ही मंडळांचे सेक्रेटरी शेजारी उभे होते. मिनिटभर कोणी काही बोलले नाही. आत्याबाई लांबूनच ओरडल्या, "एक फाडा गं. मासा अख्खा राहू दे." एकच पावती फाडली. ती कोणाच्या वहीला लावायची, यावर मुंबई येईपर्यंत चर्चा चालू होती हेही इथे नमूद करतो. लपवण्यात अर्थ नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाखरे भरपूर असतात. सकाळची ओहोटी धरून जावे. वर दिलेले पाऊणपटीचे गणित कामाला येते. आधी फोन करून होडी ठरवावी, ऐन वेळी गेल्यास खोळंबा होतो. कपडे मातकट रंगाचे, डबे प्लॅस्टिकचे, आणि तान्ह्या मुलाला न्यायचे तर दूध पाजूनच. प्लॅस्टिकच्या पिशव्या खाडीत टाकू नयेत. मोबाइलवरची गाणी बसमध्येच ठेवावीत. दुर्बीण गटाकडे असते, पण एकच दुर्बीण वीस जणांत फिरते, तेव्हा कोणाची मागून आणता आली तर आणावी. पाणमांजर दिसेलच असे नाही. आमच्या आदल्या दिवशी आलेल्या मंडळींना दिसले नव्हते. मगर बहुधा दिसते.

परतीच्या बसमध्ये मोठी माणसे पुन्हा डाव्या-उजव्या बाजूला बसली आणि पेंगू लागली. मधल्या वाटेत मात्र दोन्ही होड्यांतल्या पोरांची जोरात वादावादी चालली होती. आमच्या होडीतली म्हणत होती पाणमांजरे पाच. दुसऱ्या होडीतली शपथेवर सांगत होती सहा, सहावे कांदळाच्या मागे होते, ते तुम्हाला तुमच्या बाजूने दिसलेच नाही. कशेडीचा घाट चढेपर्यंत तो निकाल लागला नाही. आम्ही वहीत पाच लिहिले होते. घाटात बस थांबली तेव्हा खोडून सहा केले.